परवा म्हणजे नेमकं कधी

माझा धाकटा भाऊ कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर कोंबडी तळायचा. कोणी विचारलं तर तो हेच सांगायचा, एवढ्याच शब्दांत. भावजयीला ते आवडायचं नाही. सिकंदराबादला शेजारपाजारी ती ‘फॉरेनला फूड कंपनीत मॅनेजर आहेत’ असं सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. पण तो सुट्टीवर आला की तिनं दोन-तीन वर्षं जपलेलं सगळं एका मिनिटात घालवायचा. ‘‘मॅनेजरच आहे हो काकू, पण कोंबड्यांचा. माणसं कुठं ऐकतात माझं?’’

तो गेला त्याला आता सव्वा वर्ष झालं. जाण्याच्या चार दिवस आधी त्यानं मला फोनवर एक गोष्ट सांगितली होती, आणि ती फक्त मलाच सांगितली होती. त्या सांगण्यातला एक शब्द मी चुकीचा घेतला. कानांनी बरोबर ऐकला, अर्थ चुकीचा लावला. मी तीस वर्षं हैदराबादच्या जामबागेतल्या एका शाळेत मराठी शिकवलं आहे. शाळेतली मराठीची तुकडी बंद झाली तेव्हा मी निवृत्त झाले. शब्दांचे अर्थ सांगणं हाच माझा धंदा होता, म्हणून हे लिहिताना मला वेळ लागतो आहे.

आधी त्याच्या कंपनीबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय तो शब्द कळणार नाही.

कंपनी म्हणजे मूळ एक दुकान. बेटावरच्याच एका नवराबायकोनं बंदराजवळ, बस थांबतात तिथे काढलेलं. पुढे मुलांनी ते वाढवलं, आणि आता त्या बेटावर कुठल्याही गावात उतरा, समोर त्यांची पिवळी पाटी दिसते म्हणे. मोठ्या अमेरिकन कंपन्या तिथेही आहेत. पण शाळा सुटल्यावर मुलं, कचेरी सुटल्यावर माणसं आणि रविवारी चर्चमधून परतणाऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांग लावतात ती ह्यांच्याच दुकानापुढे. भाऊ हे असं सांगायचा जणू पहिलं दुकान आमच्या आजोबांनी काढलं होतं.

‘‘बाहेरची कंपनी काय करते, अक्का? जगात कुठंही खा, एकच चव. आमची चव समुद्र ओलांडला की मिळत नाही.’’

आमची, म्हणायचा. हैदराबादच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात त्यानं नऊ वर्षं काढली होती, पण त्या हॉटेलला तो कधी आमचं म्हणाला नव्हता.

सगळी चव मुरवण्यात होती. एक हिरवं वाटण असतं. त्यात लसूण, कांद्याची पात, एक जहाल मिरची आणि एक लांबट दातेरी पान. त्या पानाला कोथिंबिरीचा वास येतो, पण दहापट. त्या बेटावर पुष्कळ माणसं अशी आहेत ज्यांचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यांवर राबायला इथूनच नेले होते. ती त्या पानाला बंधनिया म्हणतात आणि जिऱ्याला गिरा. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ‘गिरा’ ऐकलं तेव्हा आपल्याला रडू आलं, असं त्यानं मला हसत हसत सांगितलं होतं.

वाटण लावलेली कोंबडी झाकणाच्या मोठ्या टबांत भरून थंड खोलीत ठेवायची ती पुरे दोन दिवस. एक दिवस कमी नाही, एक जास्त नाही. प्रत्येक टबावर वाराचा रंगीत स्टिकर. सोमवारचा निळा, मंगळवारचा पिवळा, असे सात रंग. स्टिकरवर तारीख, वेळ आणि भरणाऱ्याची सही. त्याच्या शाखेत हे काम तो कोणालाच देत नसे, मॅनेजर झाल्यावरही नाही. ‘‘हे चुकलं तर माणसं आजारी पडतील, अक्का,’’ म्हणायचा. लहानपणी ह्याच मुलाला आज वार कोणता हे सांगता यायचं नाही. शाळेत शनिवारचं दप्तर घेऊन तो सोमवारी जायचा.

तिथे लोक ‘जस्ट नाऊ’ म्हणतात, पण त्याचा अर्थ आत्ता असा नाही. ‘जस्ट नाऊ येतो’ म्हणजे येईन केव्हातरी, तासाभरानं, संध्याकाळी, कदाचित नाहीच. सुरुवातीला त्याची फार फजिती झाली. नळदुरुस्तीवाला ‘जस्ट नाऊ’ म्हणाला म्हणून हा दिवसभर दारात उभा.

‘‘अक्का, आपला परवा आहे ना, तोच आहे हा. फक्त आपला मागं बघतो, हा पुढं,’’ तो म्हणाला होता.

आता ह्या परवाबद्दल. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, नाहीतर उद्याच्या नंतरचा. फार तर बोलण्यात थोडा मागेपुढे. हैदराबादेत तसं नाही. इथल्या उर्दूत परसों म्हणजे मागे कधीतरी. चार दिवस असतील, चार महिने असतील, चार वर्षंही असतील. आम्ही तीन पिढ्यांचे हैदराबादी. तो परसों आमच्या परवात कधी शिरला ते कोणाला कळलं नाही. वडील रस्त्यानं जाताना ‘परवापर्यंत हा पूल नव्हता’ म्हणायचे, आणि पूल माझ्या जन्माच्या आधीचा.

शाळेत एकदा पुण्याहून एक नव्या बाई आल्या होत्या. वर्गात एका मुलीनं गृहपाठ केला नव्हता. कारण विचारलं तर ती म्हणाली, ‘‘बाई, परवा माझी आजी वारली.’’ बाईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, घरी पाठवते म्हणाल्या. मुलगी गोंधळून बघत राहिली. आजी ती पाळण्यात असताना गेली होती. गृहपाठाची वही आजीच्या जुन्या पेटीत ठेवली होती आणि पेटीची किल्ली सापडत नव्हती, असं ते सगळं लांबलचक होतं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो. त्या बाई मात्र हसल्या नाहीत. ‘‘पण मग तुम्हाला खरंच परवाचं काही सांगायचं असेल तर काय म्हणता?’’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वार सांगतो. त्या वेळी ते उत्तर मला चतुर वाटलं होतं.

तो रविवार होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी सुलतान बाजारात एका मॅचिंगच्या दुकानात अस्तराचं कापड शोधत होते. त्याच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजले असणार. दुकान उघडायच्या आधी तो मला असा फोन करायचा, आठवड्यातून एकदा.

‘‘अक्का, कुठं आहेस? लय कल्ला येतोय.’’

‘‘सुलतान बाजारात. अस्तराचा रंग मिळेना.’’

‘‘कुठला रंग?’’

‘‘चिंतामणी.’’

‘‘त्या दुकानदाराला तू चिंतामणी सांगितलंस? तो तुला देवळात पाठवेल. नमुना दाखव ना त्याला.’’

‘‘नमुना हातातच आहे, शहाण्या. तुझं बोल.’’

‘‘काही नाही. परवा जरा छातीत भरून आल्यासारखं झालं. घाम लय आला. बसलो थोडा वेळ.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. उठलो, लागलो कामाला.’’

‘‘दिवसभर त्या तेलापुढं उभा राहतोस, वर तेच खातोस. पित्त असणार. ओवा आहे का घरात? चिमूटभर ओवा आणि मीठ, वर गरम पाणी. आणि एकदा सवडीनं डॉक्टरला दाखवून ठेव.’’

‘‘हौ, दाखवतो. तिला बोलू नको, उगाच घाबरंल.’’

‘‘नाही बोलत.’’

‘‘लाइट घे गं अक्का, मनावर नको घेऊ. तू अस्तर बघ.’’

दुकानदारानं तेवढ्यात दोन तुकडे उलगडून माझ्यापुढे धरले होते, एक थोडा निळ्याकडे झुकणारा, एक जांभळ्याकडे. मी फोन ठेवला. फोनच्या यादीत तो कॉल अजून आहे. चार मिनिटं.

मी ‘परवा कधी?’ असं विचारलं नाही. आमच्या घरात तसं कोणी विचारतच नाही. परवा म्हटलं की ऐकणारा समजतो, होऊन गेलेलं आहे, जुनं आहे, माणूस त्यातून उठून आता आपल्याशी बोलतो आहे. मागे कधीतरी, उन्हाळ्यात वगैरे, तळणीपुढे त्याला भरून आलं असेल, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणून मी ‘सवडीनं’ म्हणाले. आत्ता झालं आहे असं वाटलं असतं तर तो शब्द माझ्या तोंडून आला नसता. एवढं तरी मला स्वतःबद्दल वाटतं.

गुरुवारी तो गेला. कामावर निघायच्या आधी, घरीच. वेळेच्या बाबतीत तो पक्का होता म्हणून अर्ध्या तासात कोणीतरी बघायला गेलं, पण उपयोग झाला नाही. कंपनीनं त्याच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या फोनवर कळवलं. ती इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, तिचं इंग्रजी चांगलं म्हणून त्यानं तिचाच नंबर कंपनीत देऊन ठेवला होता.

त्याला इकडे आणणं जमण्यासारखं नव्हतं. तिथे समुद्राकाठी लाकडाची चिता रचतात, तसं केलं. आम्ही ते फोनवर पाहिलं. दोन शाखांमधली माणसं पिवळे शर्ट घालून उभी होती, आणि वाऱ्यानं सगळ्यांचे शर्ट एका बाजूला फुगत होते. त्यांनी दुकान त्या दिवशी बंद ठेवलं होतं. मालकांच्या कुटुंबातली एक वयस्क बाई शेवटपर्यंत थांबली. अस्थी दीड महिन्यानं आल्या. त्या आम्ही बासरला जाऊन गोदावरीत सोडल्या.

लोक भेटायला येऊ लागले आणि भावजय प्रत्येकाला एकच सांगायची. ‘‘एक शब्द बोलले नाहीत हो. एका माणसाला जरी बोलले असते. रविवारी माझ्याशी अर्धा तास बोलले, फ्रीजचं विचारलं, हिच्या स्थळाचं विचारलं, स्वतःचं नाव नाही.’’ मग एकदा ती माझ्याकडे वळली. खोलीत तेव्हा सात-आठ बायका असतील. ‘‘अक्कांना तर सगळं सांगायचे. तुम्हाला पण नाही ना, अक्का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

हे मी ठरवून केलं नव्हतं. त्यानं बोलू नको म्हटलं होतं, आणि जीभ अजून त्याच वचनात होती, असं मी काही दिवस स्वतःला समजावलं. पण तो ‘नाही’ एकदा उच्चारला गेला आणि मग त्याच्यावर दिवस चढत गेले. प्रत्येक नव्या माणसासमोर भावजय तेच वाक्य म्हणायची आणि मी शेजारी बसून मान हलवायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वृद्ध डॉक्टर बसतात. मी त्यांच्याकडे रक्तदाबाच्या निमित्तानं गेले आणि ओळखीतल्या एका गृहस्थांचं म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी पट्टा गुंडाळत विचारलं, ‘‘दुखलं ते किती दिवस आधी?’’

‘‘नक्की माहीत नाही.’’

‘‘सगळं त्यावर आहे, टीचर. चार-सहा महिन्यांपूर्वीचं असेल तर काय सांगणार, तेच होतं की दुसरं काही. पण दोन-तीन दिवसांपूर्वीचं असेल, घाम आला असेल, तर तसाच उचलून न्यायला हवा होता. तेव्हा वेळ होता हातात.’’

त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच प्रश्न राहिला. त्याचा परवा कोणता होता? आमचा, की पुस्तकातला? आमचा असेल तर मी एका जुन्या दुखण्यावर ओवा सांगितला होता. पुस्तकातला असेल तर शुक्रवार. म्हणजे मी फोन ठेवला तेव्हापासून त्याच्याकडे पुरे साडेतीन-चार दिवस होते, आणि ते मी सवडीवर टाकले.

मी त्याची जुनी वाक्यं आठवू लागले. शाळेत एखाद्या कवितेतल्या शब्दाचे सगळे उपयोग शोधून काढावेत तशी. सुट्टीवर आला असताना चारमिनारकडून येताना तो म्हणाला होता, ‘परवा इथं एक इराणी हॉटेल होतं.’ ते बंद होऊन दहा वर्षं झालेली. हा आमचा परवा. ह्या वाक्यावर मी आठवडाभर काढला. मग दुसरं आठवलं. फोनवर बोलताना मागून त्याला कोणी काही विचारायचं, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि मग मला म्हणायचा, ‘‘परवाचा माल काढायला सांगितला.’’ हे मी शंभरदा ऐकलं असेल. तो परवा दोन दिवसांचा होता, एक कमी नाही, एक जास्त नाही. म्हणजे त्याच्याजवळ दोन परवे होते. हैदराबादेतला एक, आणि थंड खोलीतला एक. रविवारी सकाळी नऊ वाजता तो नेमका कुठे उभा राहून माझ्याशी बोलत होता, हे मला कळायला हवं होतं.

शेवटी सहा-सात महिन्यांनी मी भाचीला विचारलं. त्याच्या शाखेत पॅकिंगची मुख्य म्हणून एक बाई होती, वयानं माझ्याएवढी. चितेपाशी सगळ्यात पुढे तीच होती. तिच्याशी भाचीचं अधूनमधून बोलणं चालू होतं.

‘‘तिला विचार, त्या आधी त्याला कधी बरं वाटत नव्हतं का. कोणत्या दिवशी, ते विचार.’’

‘‘कायकू आत्या? आता काय फायदा त्याचा?’’

‘‘असंच. मनाला.’’

‘‘तुम्ही आणि मम्मी, दोघी मिळून मला पागल करणार,’’ ती म्हणाली, पण तिनं विचारलं.

दोन दिवसांनी त्या बाईचा व्हॉइस मेसेज आला. सहा-सात मिनिटांचा. भाची दुपारची माझ्याकडे जामबागेत आली आणि आम्ही ते जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून ऐकलं. त्या बाईचं इंग्रजी गाण्यासारखं, शब्द एकमेकांत मिसळलेले. मला मधलं मधलं कळायचं. भाची थांबवून सांगायची.

‘‘ती म्हणते, फ्रायडेला झालं. दुपारच्या आधी. पप्पा कोल्डरूमच्या बाहेर बर्फाच्या पेटीवर बसले होते. शर्ट पूर्ण भिजला होता. ती म्हणाली, घरी जा, दवाखान्यात जा. तर म्हणाले, जस्ट नाऊ, जस्ट नाऊ.’’

ती बाई इथे थोडी रडली. मग पुढे बोलली.

‘‘तिला दिवस कसा लक्षात आहे ते सांगते. त्या दिवशीचे टब तिनं भरले. पप्पांना ती उठूच देईना. स्टिकर पण तिनंच लावले, सही तिची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग संडेला सकाळी ते टब उघडायला काढले, तर पप्पांनी तिची सही बघितली आणि मस्करी केली की माझ्या खुर्चीवर डोळा आहे का तुझा? ती म्हणाली, तू अजून दाखवलं नाहीस ना डॉक्टरला? तर म्हणाले, घरी विचारतो. आणि तिथंच उभं राहून फोन लावला. आपल्या भाषेत बोलत होते. हसत होते. तिला वाटलं वाइफला लावला…’’

भाची थांबली. तिनं फोन बंद केला. आवाज अजून दोन मिनिटांचा शिल्लक होता.

‘‘पण मम्मीला तर संडेला उशिरा आला होता फोन. जेवणं झाल्यावर. मी होते ना घरात.’’ ती माझ्याकडे बघायला लागली. ‘‘आत्या, तुम्हाला केला होता?’’

‘‘हो.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘परवा छातीत भरून आलं म्हणाला.’’

‘‘परवा म्हणजे?’’

आमच्या घरात हा प्रश्न विचारणारी ती पहिली. तिला मराठी वाचताना अजून बोट फिरवावं लागतं.

‘‘शुक्रवारी,’’ मी म्हणाले.

तिनं पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातात धरून बसली. जाताना दारात म्हणाली, ‘‘मम्मीला मी नाही सांगणार. तुम्ही पण नका सांगू. प्लीज, आत्या.’’ मी काहीच कबूल केलं नाही. एकदा एकाला नाही सांगत म्हणाले होते, ते पुरे होतं.

घरी विचारतो, असं तो म्हणाला होता. हे त्या सहा मिनिटांतलं मला सगळ्यात अवघड गेलं. तो मला बातमी देत नव्हता, विचारत होता. आई गेल्यापासून ताप आला, पाय मुरगळला, नोकरी सोडू का, बेटावर जाऊ का, सगळं मलाच विचारून व्हायचं. मी शिकलेली, मी मोठी. मी पित्त म्हणाले की ते पित्त असायचं.

पुढच्या रविवारी मी सिकंदराबादला गेले. भाची बाहेर गेली होती. भावजय स्वयंपाकघरात खाली बसून मिरच्यांची देठं काढत होती. मी तिच्यासमोर बसले आणि दोन-चार मिरच्या घेऊन देठं काढू लागले, आणि मग सांगितलं. त्यानं मला फोन केला होता. परवा छातीत भरून आलं, घाम आला, असं म्हणाला होता. मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले ते खोटं होतं.

ती हात न थांबवता म्हणाली, ‘‘परवा ना? ते मागच्या खेपेला आले होते तेव्हाचं असेल, अक्का. तेव्हा पण जिना चढताना थांबायचे. मी म्हणायचे दाखवा, तर म्हणायचे पोट सुटलंय, त्याचं आहे.’’

तिनं मला आयती वाट करून दिली होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. तीही इथलीच. तिच्या कानात परवा तसाच पडला होता जसा माझ्या कानात पडला. मी हो म्हणाले असते तर दोघींचं त्यावर भागलं असतं. मला तसं करावंसं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

‘‘नाही गं. शुक्रवारी झालं होतं. रविवारी त्यानं मला सांगितलं, गुरुवारी गेला.’’

तिचे हात थांबले. बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती तीन-चारदा नुसती घरघरली.

‘‘त्याच रविवारी?’’

‘‘हो. संध्याकाळी.’’

‘‘आणि तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘ओवा घे म्हणाले. आणि सवडीनं डॉक्टरला दाखव.’’

‘‘सवडीनं,’’ ती म्हणाली. मिरच्यांचं ताट तिनं बाजूला सरकवलं, देठं मुठीत गोळा केली. ‘‘ओवा घेतला असेल मग त्यांनी. तुमचं ऐकायचे ते.’’

ती रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. हे ती फक्त मला माहिती सांगावी तसं म्हणाली. मग उठली, कुकर लावला, आणि जेवून जा म्हणाली. मी जेवले. वाढताना तिनं माझ्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला, नको म्हटलं तरी. मी शुक्रवार ओळखला असता, तर तो वाचला असता का? डॉक्टरांनी वेळ होता म्हटलं, वाचला असता असं नाही. हा फरक मी शाळेत मुलींना संकेतार्थ शिकवताना समजावून सांगत असे. आता त्या फरकावर मला उभं राहता येत नाही.

त्यानंतर आम्ही भेटतो. भाचीचं लग्न ठरतं आहे, त्यामुळे भेटावं लागतं. भावजय मला पूर्वीसारखं तुम्ही म्हणते, पूर्वीसारखा चहा करते, पण स्वतःहून फोन करत नाही.

मागच्या महिन्यात मुलाकडची मंडळी आली होती. मुलाची मावशी माझ्या भावाच्या फोटोकडे बघून हळहळली. ‘‘एकटेच होते ना तिकडे? कोणाला काही बोलले पण नाहीत म्हणे.’’

मी भावजयीच्या शेजारीच बसले होते. मान हलवायची वेळ झाली, असं शरीराला सवयीनं वाटलं.

‘‘बोलले होते,’’ भावजय म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, कोणाला, असं विचारावं की नाही अशा विचारात. भावजयीनं पुढचं नाव घेतलं नाही. समोरची फराळाची ताटली उचलून तिनं त्यांच्यापुढे धरली, मग मुलाच्या आईपुढे, मग माझ्यापुढे. मी चकलीचा एक तुकडा घेतला आणि बोलणं मुलाच्या नोकरीकडे वळलं.